पुस्तक मिटा, मग अभ्यास सुरू करा

आज एक छोटासा प्रयोग करू. साहित्य फारसे लागणार नाही : एक पाठकोरा कागद, पेन्सिल आणि घड्याळ. विज्ञानाच्या पुस्तकातला, गेल्या आठवड्यात वर्गात शिकवून झालेला एखादा पाठ घ्या. तो एकदा सावकाश वाचा. वाचताना सगळे ओळखीचे वाटेल. 'हे तर मला येते' असेही मनात येईल. आता यातले किती आपल्याला आठवेल याचा शेकडेवारीत अंदाज करून तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुस्तक मिटा. पंधरा मिनिटे दुसरे काही काम करा. आईला भाजी निवडून द्या किंवा सायकलमध्ये हवा भरून आणा. मग परत येऊन त्या पाठातले जे जे आठवते ते पुस्तक न उघडता कागदावर उतरवा. व्याख्या, आकृती, सूत्र, उदाहरण, सारे. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहा.

कोपऱ्यातला आकडा आणि कागदावर खरोखर उतरलेला मजकूर यांत बहुतेकांना मोठी तफावत आढळेल. मजकूर ओळखीचा वाटणे ही एक गोष्ट आणि तो आपला आपल्याला आठवणे ही अगदी वेगळी गोष्ट. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, पण नाव ओठांवर येत नाही, तसेच हे आहे. परीक्षेत मात्र कोणी चेहरा दाखवीत नाही, सरळ नावच विचारतात.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी अकरावीच्या वर्गात कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर अशा तालुक्यांतून मुले-मुली येतात. दहावीला गुण उत्तम, अक्षर मोत्यासारखे, वह्या जपून ठेवलेल्या. आणि पहिल्या घटक चाचणीत त्यांतली काही जण साफ आपटतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "सर, सहा-सहा तास वाचतो, पण पेपर हातात आला की पाटी कोरी." मुले खोटे बोलत नसतात. ती खरोखरच सहा तास बसलेली असतात. त्यातून ती असा निष्कर्ष काढतात की, एवढे करूनही जमत नाही त्याअर्थी आपल्याला डोकेच नाही. मग कोणी विज्ञान शाखा सोडते, कोणी शिक्षणच. निरीक्षण बरोबर, पण निष्कर्ष चूक, असा हा प्रकार आहे. दोष डोक्याचा नसतो, सहा तास ज्या रीतीने घालवले त्या रीतीचा असतो. आणि रीत बदलता येते.

विसरण्याचा आलेख

आपण किती वेगाने विसरतो हे मोजण्याचा पहिला चिकाटीचा प्रयत्न हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने केला. प्रयोगासाठी त्याने माणूस निवडला तो स्वतःच. अर्थ असलेले शब्द घेतले तर आधीच्या ओळखीचा परिणाम होईल, म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजले. १८८५ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वेळी श्रमांत जितकी बचत होईल तितकी स्मृती शिल्लक आहे, असा त्याचा हिशेब होता. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के होती, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि महिन्याने २१ टक्के.

हे आकडे आलेखावर मांडून पाहा. रेषा आधी कड्यावरून पडावी तशी घसरते आणि मग जवळजवळ आडवी होते. गरम चहा थंड होतानाच्या आलेखाची तुम्हाला आठवण होईल. दोन्हींचे समीकरण एक नाही, पण तोंडवळा सारखा आहे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. सगळ्यांत मोठी गळती पहिल्या दिवसातच होते. म्हणून सोमवारी शिकलेल्या पाठाकडे सोमवारी संध्याकाळी दहा मिनिटे पाहणे हे परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास पाहण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

एबिंगहाउसनेच आणखी एक मोजमाप केले होते, त्याची आठवण फार कमी जण काढतात. एक यादी एकाच बैठकीत ६८ वेळा म्हटल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा दिसला, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने मिळाला. म्हणजे श्रम जवळजवळ निम्मे. रोज पाणी घातलेले रोप आणि महिन्याचे पाणी एकदम ओतलेले रोप यांतला फरक शेतकऱ्याच्या मुलाला सांगावा लागत नाही. अभ्यासाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास महिन्याचे पाणी एकदम ओततो.

परवचा आणि घोकंपट्टी

मग पुन्हा पुन्हा वाचावे काय? येथेच खरी गोम आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विज्ञानविषयक एक छोटा उतारा दिला. एका गटाने चार सत्रांत तो वाचला, पुन्हा वाचला आणि वाचतच राहिला. सरासरीने त्यांची सुमारे चौदा वाचने झाली. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तो तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. वाचणारे जिंकले! पण तीच परीक्षा आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

चौदा वाचने हरली आणि तीन-चार वाचने जिंकली. सगळ्यांत बोलका भाग पुढेच आहे. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असे आधी विचारले होते, तेव्हा सर्वांत जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती. आपण सुरुवातीला कागदाच्या कोपऱ्यात जो आकडा लिहिला तो एवढा फुगलेला का निघाला, हे आता ध्यानात येईल. सोपे जाते म्हणून येते असे वाटते. आठवताना जे कष्ट पडतात, जी ओढाताण होते, तीच स्मृती पक्की करीत असते. कष्ट टाळले की तो परिणामही टळतो.

तुम्ही म्हणाल, हे सारे परदेशी प्रयोग झाले. पण आपल्या घरातल्या एखाद्या वृद्ध आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणण्याची पद्धत होती. हातपाय धुऊन मुले रांगेत बसत आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मोठ्याने म्हणत. पुस्तक हातात नसे. अडले की कोणीतरी मोठे माणूस अडलेला आकडा पुरवी आणि गाडी पुढे चाले. रोज थोडे, पुस्तकाविना, आणि चूक झाली तर तेथल्या तेथे दुरुस्ती. स्मृतिशास्त्राला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी त्या ओसरीवर हजर होत्या. सत्तर वर्षांपूर्वी पाठ केलेली दिडकी आजोबा अजूनही न अडखळता म्हणतात, त्याचे श्रेय त्या काळच्या तुपाला द्यायचे कारण नाही.

याउलट घोकंपट्टी. पुस्तक मांडीवर उघडे, डोळे ओळीवर, ओठ हलताहेत आणि मन अंगणात. परवचा आणि घोकंपट्टी दुरून सारख्याच दिसतात, म्हणून आपण दोन्हींना एकाच तराजूत घालून 'पाठांतर वाईट' असे म्हणून मोकळे होतो. पाठांतर वाईट नाही. गतीची तीन समीकरणे ज्याला आठवत नाहीत तो त्यांवर विचार कशाच्या जोरावर करणार? परंतु परवच्यालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. पावकी घडाघडा म्हणणाऱ्याला 'सव्वादोन रुपये डझन भावाने चार केळ्यांचे किती' हे सुचेलच असे नाही. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किती, हे माझ्या वर्गात पन्नास हात वर करून सांगतात. शेकण्याच्या पिशवीत तेल न भरता पाणी का भरतात, असे विचारले की हात खाली जातात.

म्हणून पाठकोऱ्या कागदावर व्याख्या उतरवून झाली की खाली एक 'का' लिहा आणि त्याचे उत्तर स्वतःच्या भाषेत, धाकट्या भावंडाला सांगावे तसे लिहा. अकरावीत विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्यांनी तर हे मराठीतून अवश्य करावे. इंग्रजी वाक्य पाठ असते, त्यामुळे अर्थ कळला नसला तरी तो झाकून जातो. मराठीत सांगू लागलो की कोठे गाडी अडते ते लगेच समजते.

गणिताच्या सरावाबद्दलही एक सूचना करतो. महत्त्वमापनाचा सरावसंच सोडवताना पहिली पाच उदाहरणे शंकूची, पुढची पाच गोलाची असतील तर कोणते सूत्र वापरायचे हे मथळाच सांगून टाकतो. उरते ती केवळ आकडेमोड. २००७ मध्ये रोअरर आणि टेलर या दोघांनी घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे काही विद्यार्थ्यांना अशी गटवार दिली आणि काहींना सरमिसळ करून दिली. सराव करताना गटवारवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र गटवारवाले २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर. तेव्हा जुन्या प्रकरणांतली दोन-दोन उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि हाताला लागेल ती सोडवा. चुका जास्त होतील. होऊ द्या.

मोरूमामांचा फळा

आता आणखी एका सवयीकडे वळू. ती मला सर्वांत मोलाची वाटते आणि आजच्या काळात सर्वांत दुर्मिळही.

ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा, पण बालपण गेले वाराणसीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे केलेले होते. जयंतरावांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार, म्हणजे मोरूमामा, गणिताच्या उच्च शिक्षणासाठी या घरी राहायला आले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे पाहून त्यांनी एक उपक्रम सुरू केला. एखादे कोडे किंवा उदाहरण ते फळ्यावर लिहीत आणि वर शीर्षक देत की, हे जयंतसाठी आव्हान आहे. उदाहरण शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेरचे असे. एकदा लिहिले की ते फळ्यावर तसेच राही. एक तर भाच्याने सोडवायचे किंवा हार कबूल करायची. तोपर्यंत उत्तर मिळत नसे. नारळीकरांनी ही आठवण आपल्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

या फळ्याचा नीट विचार करा. येता-जाता, जेवताना, खेळून आल्यावर ते उदाहरण मुलाच्या नजरेस पडत असणार. त्यासाठी गुण नव्हते, वेळेचे बंधन नव्हते, न सुटल्यास शिक्षाही नव्हती. होती ती फक्त एक न उलगडलेली गाठ आणि ती उलगडेपर्यंत तिच्यासोबत राहण्याची मुभा. हाच मुलगा पुढे १९५७ मध्ये केंब्रिजला गेला, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्याने विश्वरचनाशास्त्रात मोलाचे काम केले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली. हे सगळे एका फळ्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. घरात गणिताचे प्राध्यापक वडील, संस्कृत जाणणारी आई आणि असा मामा, हे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण फळा मात्र कोणालाही करता येतो. जुन्या दिनदर्शिकेची मागची बाजू आणि चार टाचण्या एवढाच त्याचा खर्च.

अडचण वेगळीच आहे. आज कोणतेही कोडे मोबाइलला विचारले की उत्तर हजर. मोरूमामांचे उदाहरण आज फळ्यावर अर्धा मिनिटही टिकणार नाही. मार्गदर्शक पुस्तके आणि अपेक्षित प्रश्नसंच हेच काम आधीपासून करीत आले आहेत, मोबाइलने फक्त वेग वाढवला. म्हणून स्वतःपुरता एक नियम करा : फळ्यावरच्या उदाहरणाचे उत्तर किमान दोन दिवस पाहायचे नाही. मात्र ही शिस्त प्रत्येक गोष्टीला लावू नका. एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा स्थिरांकाचे मूल्य अडले तर लगेच पाहावे, त्यात मर्दुमकी दाखवण्यासारखे काही नाही. नवीन प्रकरण असेल तर आधी दोन-तीन सोडवलेली उदाहरणे पायरी-पायरीने समजून घ्यावीत. मग पुढच्या उदाहरणाची उकल कागदाने झाकून स्वतः करून पाहावी. काहीच सामग्री नसताना नुसते झुंजण्यात शक्ती वाया जाते.

नारळीकरांची आणखी एक पद्धत प्रसिद्ध आहे. शाळकरी मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते म्हणत की, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी स्वाक्षरी असेल. अशी उत्तरे त्यांनी खरोखर पाठवली. चांगला प्रश्न लिहायला बसले की आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याची सीमारेषा आपोआप आखली जाते. हे कामही पुस्तक मिटल्यावरच होते.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एकच विनंती. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात फळ्याचे लाड कसे पुरवणार, हा प्रश्न मलाही रोज पडतो. पण तासाच्या आरंभी मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न विचारावेत, मुलांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तरे लिहावीत आणि स्वतःच तपासावीत, एवढे पाच मिनिटांत होते. त्याला गुण मात्र ठेवू नयेत. गुण आले की मुले शेजारच्या वहीत पाहतात, स्वतःच्या डोक्यात पाहत नाहीत.

पाणचक्कीजवळचे उदाहरण

फळ्यासाठी उदाहरणे कोठून आणावीत? गावातून. छत्रपती संभाजीनगरला येणारे पाहुणे वेरूळ-अजिंठ्याबरोबर आमची पाणचक्कीही पाहून जातात. १७व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहराला नहरींनी पाणी पुरवले. त्याच परंपरेतली ही पुढच्या काळातली करामत. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी कित्येक किलोमीटर आणले आहे. येथे ते उंच बांधकामावर चढते आणि खाली सोडले जाते. त्या पाण्याच्या जोरावर पात्यांचे चाक व त्याबरोबर जाते फिरे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू आणि फकीर यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. पंप नाही, वीज नाही.

सहलीला गेलेले विद्यार्थी तेथे छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. तुम्ही वही काढा. पहिला प्रश्न सोपा आहे : पंप नसताना पाणी वर कसे चढते? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे जमावे. झऱ्याची पातळी आणि बांधकामाचा माथा यांपैकी उंच काय असले पाहिजे, हे आकृती काढून ठरवा. दुसरा प्रश्न थोड्या आकडेमोडीचा. समजा, दर सेकंदाला १० लिटर पाणी ६ मीटर उंचीवरून पडते. (हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत, मोजलेले नव्हेत.) दर सेकंदाला मिळणारी ऊर्जा १० × ९.८ × ६, म्हणजे ५८८ ज्यूल. म्हणजेच शक्ती ५८८ वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. यातील सगळी शक्ती जात्यापर्यंत पोहोचणार नाही. का नाही, ते तुम्ही सांगा.

तिसरा प्रश्न दिनदर्शिकेच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. बांधकाम आहे त्यापेक्षा दोन मीटर उंच केले असते, पण तरीही झऱ्याच्या पातळीपेक्षा खालीच ठेवले असते, तर जास्त पीठ दळून मिळाले असते की कमी? पाणी अधिक उंचावरून पडेल हे खरे. पण कित्येक किलोमीटर नळातून येणारे ते पाणी तेवढ्याच वेगाने वर येत राहील काय? उत्तर येथे दिलेले नाही. बागेतली रबरी नळी आणि पाण्याने भरलेली बादली यांच्या साहाय्याने ते शोधता येते. बादली गच्चीच्या कठड्यावर ठेवा, नळीचे तोंड निरनिराळ्या उंचीवर धरा आणि एक लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागतात ते प्रत्येक वेळी टिपून ठेवा.